कॅलिप्सोच्या बेटावर पेनेलोपी

तीराने सकाळपासून टेबलावरचं कापड तीन वेळा बदललं. निळं फारच साधं वाटलं. पांढऱ्यावर नाताळातल्या बिटाचा डाग निघाला. तिसरं चांगलं जाड लिननचं होतं. ते अंथरून झाल्यावर सिग्नेने त्याची कड उलटून बघितली आणि हसू दाबत म्हणाली, "आजी, हे त्यांच्याच गिरणीतलं आहे."

"माहीत आहे मला. घरात दुसरं धड कापड आहे कुठे? पेनेलोपीचं कापड चांगलंच असतं. फक्त ते मी त्या गिरणीच्या मालकिणीच्या तोंडावर म्हणणार नाही."

"निदान आज म्हण."

"बघू. आधी बटाटे सोल."

सिग्ने बटाटे घेऊन खिडकीशी बसली. खाली बंदराच्या कडेला त्यांची शिडं शिवायची कार्यशाळा होती. तिच्या लांबलचक लाल भिंतीवर निळ्या अक्षरांत 'कॅलिप्सो' लिहिलेलं. ती अक्षरं आजीने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात स्वतः शिडीवर चढून रंगवली होती, आणि दर काही वर्षांनी बाबा ती पुन्हा उजळवत. एरो बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला बोटीतून आधी हेच नाव दिसायचं. समोरच्या किनाऱ्यावर, स्वेनबोर्गमध्ये, तसंच मोठं दुसरं नाव होतं: 'पेनेलोपी'. ती कापडगिरणी. तंबूचं कापड, छताचं कापड, शिडांचं कापड. दोन्ही घरांचा एकमेकांशी व्यवहार सुरळीत चाले, पण मधल्या दलालामार्फत. गेल्या हिवाळ्यात हॅम्बुर्गच्या एका प्रदर्शनात सिग्नेची माल्टेशी ओळख झाली. तो पेनेलोपीच्या मालकीणबाईंचा नातू निघाला. बाबांनी एवढंच विचारलं होतं, "सगळ्या डेन्मार्कमध्ये तुला हाच सापडला?"

आता दोघांना लग्न करायचं होतं, पण त्याची कोणाला काळजी नव्हती. काळजी होती ती दुसऱ्या गोष्टीची. कील बंदरावर प्रवाशांसाठी सावलीची मोठी छतं बसवायची होती, आणि विणणारा नि शिवणारा एकच असेल तरच ते काम मिळणार होतं. म्हणजे दोन्ही धंदे एक करायचे. बाकी सगळं ठरलं होतं. फक्त नाव ठरत नव्हतं. आणि दोन्हीकडे नाव बदलायचं तर ज्यांनी ते दिलं त्या दोन म्हाताऱ्यांचा होकार लागत होता. म्हणून आज पेनेलोपीकडची मंडळी जेवायला येणार होती.

आजोबा व्हिनेगरमधल्या हेरिंग माशांची बरणी घेऊन आत आले. शहाऐंशीव्या वर्षीही आस्गर ताठ चालायचे, पण आज ती बरणी त्यांनी पोर झोपलंय अशा बेताने टेबलावर ठेवली.

"दाढी केलीस?" तीराने विचारलं.

"दोनदा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि सरळच असलेलं कापड पुन्हा सरळ करायला लागली.

*

बोटीच्या वरच्या डेकवर बोडिलने आईच्या खांद्यावर शाल टाकली. गुड्रुनने ती काढून बाकावर ठेवली.

"आई, वारा आहे."

"मला कळतोय वारा. म्हणून तर वर आले."

तिचा मुलगा माल्टे खाली कॉफी आणायला गेला होता. बोडिल आईच्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिली. पंच्याऐंशी वर्षांची ही बाई एरोच्या वाटेला कधी गेली नव्हती, आणि का गेली नव्हती ते स्वेनबोर्गमध्ये शाळकरी पोरांनाही माहीत होतं. गुड्रुनचे वडील गावच्या शाळेत ग्रीक शिकवायचे. तिचं लग्न आस्गर नावाच्या मेकॅनिकशी ठरलं होतं. लग्नाच्या आधीच्या महिन्यात तो एरोवर एका बोटीचं इंजिन बसवायला गेला. आठवड्याभराचं काम. तो परत आलाच नाही. तिथल्या शिडं शिवणाऱ्याच्या मुलीने त्याला ठेवून घेतलं. मास्तरांनी भर बाजारात त्या मुलीला कॅलिप्सो म्हटलं, म्हणजे ग्रीक गोष्टीत घरी निघालेल्या वीराला आपल्या बेटावर अडकवून ठेवणारी, आणि पुढे गुड्रुनने मागांची शेड टाकली तेव्हा तिला नाव दिलं पेनेलोपी. त्याच वीराची, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बायको.

बोडिल आठवीत असताना इंगे नावाच्या मुलीने विचारलं होतं, "तुझी आई अजून वाट बघते का गं त्याची? मग तुझ्या बाबांना काय वाटत असेल?" बोडिलने तिचं नाक फोडलं होतं. त्या दिवसापासून पेनेलोपी हे नाव म्हणजे आईची जखम आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

तिच्या पर्समध्ये एका मोठ्या परदेशी तंबूवाल्यांची मागणी होती. त्यांना पेनेलोपी विकत हवी होती. आज बेटावरच्या लोकांनी नावावरून नाटक केलं तर बोडिल त्यांना हो म्हणणार होती. आईला तिने हे सांगितलं नव्हतं.

बोट बेटाच्या जवळ आली. लाल भिंत दिसायला लागली, आणि तिच्यावरची निळी अक्षरं.

"चांगली काढलीयत," गुड्रुन म्हणाली. "इतकी मोठी असतील असं वाटलं नव्हतं."

बोडिलला हे अजिबात आवडलं नाही.

*

सगळे टेबलाशी बसले. तीराचा मुलगा, सिग्नेचा बाबा प्रेबन उभा राहिला, पेला उचलून "या, बरं वाटलं" एवढं म्हणाला आणि बसला. शिडं शिवणाऱ्यांच्या या घरात त्याचं भाषण सगळ्यात मोठं समजलं जायचं. स्नॅप्सचा पहिला घोट झाला. गुड्रुनने राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंगचा तुकडा घेतला, खाल्ला, आणि सुरी खाली ठेवली.

"हेरिंग कोणी केलं?"

"मी," आस्गर म्हणाला. लग्न मोडल्यापासून त्या दोघांमध्ये झालेला हा पहिला शब्द.

"साखर जास्त झालीय."

"हो," आस्गर म्हणाला. "मलाही वाटलं."

तीराने ओठ आवळले. "आमच्याकडे असंच खातात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कापड तुमच्या गिरणीतलं आहे."

"बघितलं मी. वीस एक वर्षांपूर्वीचं असेल. चांगलं वापरलंय तुम्ही."

माल्टेला वाटलं, एवढं जमतंय तोवर बोलून घ्यावं. त्याने घसा साफ केला. "मी आणि सिग्नेने एक नाव काढलंय. झेफिर. पश्चिमेचा वारा. ग्रीकच आहे, म्हणजे दोन्ही घरांची रीत राहते. शिडाला वारा लागतो, छताखाली वारा येतो. आणि ही नावं चालतात आजी, सगळीकडे चालतात. बुटांना विजयाची देवी, नकाशांच्या पुस्तकाला अ‍ॅटलस, दागिन्यांना पँडोरा."

"पँडोराने झाकण उघडलं आणि जगातले सगळे आजार बाहेर आले," गुड्रुन म्हणाली. "आणि बोडिलच्या हातात तिचंच कडं आहे."

"ते पोरांनी दिलंय मला वाढदिवसाला," बोडिल म्हणाली.

"चांगलंच आहे. मी फक्त सांगते. दुकानं काढणारे लोक गोष्ट अर्धीच वाचतात."

"झेफिरची गोष्ट तरी सरळ आहे ना?" सिग्नेने विचारलं.

"त्याला एक मुलगा आवडायचा. तो दुसऱ्याशी खेळतोय बघून झेफिरने खेळातली थाळी फुंकर मारून वळवली आणि त्या पोराचं डोकं फोडलं. छतं डोक्यावरच बसवणार आहात ना तुम्ही?"

प्रेबनला हसू आवरेना. समोर बघितलं तर बोडिलही हसत होती. क्षणभर दोघांची नजर जुळली, आणि झेफिर तिथल्या तिथे मेला.

"मग ठरलं," प्रेबन म्हणाला. "आहे तेच ठेवू. कॅलिप्सो. बेटावर येणारा प्रत्येक माणूस ओळखतो."

"बेटावर येणारा," बोडिल म्हणाली. "बेटाबाहेर पेनेलोपीला ओळखतात. कापडाच्या प्रत्येक वारावर छापलेलं असतं."

"कापड छताच्या वर जातं. शिवण दिसते खालून."

"शिवण उसवते, प्रेबन. कापड राहतं."

"आमची शिवण उसवलेली एक जागा दाखव मला."

सिग्नेने टेबलाखाली माल्टेचा हात धरला. बोडिलचा आवाज चढत गेला. शेवटी ती म्हणाली, "हे असंच होणार होतं, मला माहीत होतं. माझ्याकडे दुसरी मागणी आहे. परदेशातली. त्यांना गिरणी हवीय. म्हणजे नाव हवंय आणि गिऱ्हाईक हवंय. माग ते बंद करतील, कापड दुसरीकडे विणून घेतील. पण निदान पेनेलोपीची पेनेलोपी राहील. इथे येऊन आईला त्या निळ्या अक्षरांखाली काम करायला मी लावणार नाही."

गुड्रुनने मुलीकडे वळून बघितलं. "हे मला कधी सांगणार होतीस?"

"आज. इथून गेल्यावर."

"माग बंद होतील," तीरा म्हणाली. ती इतका वेळ बटाट्यांवर शेपू पसरत बसली होती. "सगळे?"

"सगळे."

तीराने वाडगं बाजूला सारलं. "मग नाव पुसा आमचं. पेनेलोपी ठेवा."

"आई," प्रेबन म्हणाला.

"थांब तू. ही अक्षरं मी रंगवली, तेव्हा मला माहीत नव्हतं कॅलिप्सो कोण. बोटीवरून येणारे लोक सांगायचे, मास्तर तुला भर बाजारात कॅलिप्सो म्हणाले. मी लायब्ररीत गेले. म्हटलं, बघू तरी किती मोठी शिवी आहे. तर ती देवी निघाली. स्वतःचं बेट, स्वतःची गुहा, सोन्याचा धोटा घेऊन मागावर गात बसलेली. मी म्हटलं, यात वाईट काय आहे? रागाने रंगवली मी ती. पण रागाखाली दुसरंही होतं." ती गुड्रुनकडे वळली. "मी तुमचं एकदा घेतलंय. तेव्हा चोवीस वर्षांचीही नव्हते, मला पर्वा नव्हती. आता दुसऱ्यांदा नाही घेणार. माग राहू देत, नाव राहू दे."

"माझं काय घेतलंत तुम्ही?" गुड्रुनने विचारलं.

तीराने नुसतं आस्गरकडे बोट दाखवलं.

गुड्रुनने हातरुमाल काढला. बोडिलला वाटलं, झालं, आई आता रडणार, आणि ती उठायला लागली. पण गुड्रुनने डोळे पुसलेच नाहीत. तिने रुमालात तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलत होते ते हसण्याने.

"हे मला नाही चालणार," ती म्हणाली, श्वास जरा खाली बसल्यावर. "तुम्ही अशा वागणार असाल तर मला बोलावंच लागेल. प्रेबन, तू सांग. पेनेलोपी विणत का होती?"

"नवऱ्याची वाट बघत," प्रेबन म्हणाला.

"वाट नुसतं बसूनही बघता येते. घर लग्नाला टपलेल्या पुरुषांनी भरलं होतं. ती म्हणाली, हे कापड पुरं झालं की करते लग्न. दिवसा विणायची, रात्री उसवायची. लग्न टाळायला विणत होती ती. मी मास्तरांची मुलगी, मी गोष्ट पुरती वाचली होती."

कोणालाच लगेच कळलं नाही. आधी कळलं सिग्नेला. "म्हणजे तुम्हाला लग्न करायचंच नव्हतं?"

"मला माग हवे होते. माझ्या आत्याचे माग शेडमध्ये धूळ खात पडले होते. पण वडिलांना मुलीने लग्न करायला हवं होतं. आस्गर वाईट नव्हता. मी रोज रात्री म्हणायची, देवा, काहीतरी निघू दे. आणि एरोहून निरोप आला. वडील इतके हबकले की मी जे मागेन ते द्यायला तयार झाले. मी माग मागितले. जेवणाच्या टेबलावर रडावं लागलं मला, आणि वर जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. पुढे कित्येक वर्षं कोणी लग्नाचं नाव काढलं नाही. गाव तर असं सांभाळायचं की विचारू नका. प्रत्येक दुकानदार पहिली ऑर्डर मला द्यायचा. बिचारी म्हणून."

"एक मिनिट," तीरा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे मी सगळ्या जगाशी भांडून ज्याला ठेवून घेतलं, तो तू टाकून दिलेला होता?"

"टाकून नाही म्हणणार मी. नको होता, एवढंच."

"मी इथेच बसलोय," आस्गर म्हणाला.

"बस ना," दोघी एकदम म्हणाल्या. आणि मग आधी तीरा हसली, तिच्या मागे गुड्रुन, आणि त्या दोघी अशा हसायला लागल्या की स्नॅप्सची बाटली प्रेबनला धरून ठेवावी लागली. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण त्यांचं 'तुम्ही' कुठेतरी मधेच 'तू' झालं होतं.

बोडिल मात्र हसत नव्हती.

"आई, मी इंगेचं नाक फोडलं होतं तुझ्यासाठी."

"आठवतंय मला."

"मी आयुष्यभर तुझ्या बाजूने भांडले. या लोकांचं नाव निघालं की मी खोलीतून उठून जायचे. आणि तू कधी सांगितलं नाहीस."

गुड्रुनने तिच्या हातावर हात ठेवला, त्या पँडोराच्या कड्यावर. "माझ्यासाठी कोणी असं भांडलं नव्हतं गं. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. मला ते नको होतं. ते चुकलं माझं."

बोडिलला खूप काही बोलायचं होतं. पण तिने आत शोधून बघितलं तर इतकी वर्षं जपून ठेवलेला राग जागेवर नव्हता. तिथे मोकळी जागा होती, आणि तिथे काय ठेवायचं तेही तिला कळेना. तिने एक बटाटा घेतला, खाल्ला, आणखी एक घेतला. "त्या लोकांना कळवते नको म्हणून," ती शेवटी म्हणाली. "माग राहतील. पण बाबांना माहीत होतं का हे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून तर त्यांच्याशी केलं लग्न. ते इतके हसले की खुर्चीवरून पडले."

आणि आता बोडिलला हसू आलं, कारण खुर्चीवरून पडणारे बाबा तिला अगदी नीट दिसले.

नाव मग सहज निघालं, भांडण उलट्या बाजूने लागलं एवढंच. दोन्ही नावं ठेवायची यावर सगळे कबूल झाले, पण प्रेबन म्हणे पेनेलोपी आधी, पाहुण्यांचा मान. आणि बोडिल म्हणे कॅलिप्सो आधी, आपण त्यांच्या घरी जेवतोय. दोघं हट्टाला पेटली.

"कॅलिप्सो आणि पेनेलोपी," गुड्रुन म्हणाली. "गोष्ट सुरू होते तेव्हाही तो हिच्याकडेच असतो."

"आणि मधे 'आणि' मोठा काढा," तीरा म्हणाली. "तो मी रंगवणार. शिडी धरायला बोडिलला सांगा."

माल्टेने ते टेबलावरच लिहून सिग्नेला दाखवलं. ती म्हणाली, "झेफिरपेक्षा लांब आहे." तो म्हणाला, "भिंत लांब आहे." आस्गर कधी उठून गेला ते कोणी बघितलं नव्हतं.

*

तो शेडमागच्या बाकावर सापडला. प्रेबन शेजारी बसला. बंदरात स्वेनबोर्गची बोट गाड्या आत घेत होती.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

आस्गर बोटीकडे बघत होता. म्हणाला, "ती बोट किती वाजता सुटते?"

एकाएकी प्रेबनच्या लक्षात आलं की बाबांना त्या बोटीवर चढताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. बाबांना पलीकडे जायचं असलं की ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला सोबीला जायचे आणि तिथून फोबोर्गला उतरायचे. तिकडे वर्दळ कमी असते, असं म्हणायचे. स्वेनबोर्गमधून सुटा भाग आणायचा असला की आई जायची. बाबांचे आईवडील स्वेनबोर्ग सोडून ओडेन्सला राहायला गेले तेव्हापासून तिथे जायचं कारणही उरलं नव्हतं. लहानपणी प्रेबनला वाटायचं, सगळ्यांचे बाबा लांबच्याच वाटेने जातात.

"मला तोंड दाखवायला जागा नव्हती तिथे," आस्गर म्हणाला. "एका मुलीला मी आयुष्यातून उठवलं, असं समजत होतो. रोज नाही आठवायचं. पण बोट दिसली की आठवायचं, आणि बोट तर रोजच दिसते." त्याने गालावरून हात फिरवला. "निकोलाय चर्चच्या मागे उतारावर आमचं घर होतं. दार हिरवं होतं. कोपऱ्यावर पाववाला. असेल का अजून?"

"जाऊ की पुढच्या आठवड्यात. मी नेतो."

"आज," आस्गर म्हणाला आणि उठला.

आत तीरा आणि गुड्रुन कापडाची कड चिमटीत धरून त्याच्या विणीवर वाद घालत होत्या. आस्गर दारात उभा राहिला. त्याने बाहेर जायची टोपी घातली होती.

"मी घरी जाऊन येतो म्हणतो," तो म्हणाला. "स्वेनबोर्गला. या बोटीने."

तीराच्या हातातली कड सुटली. हे वाक्य आज ना उद्या येणार, या भीतीने ती पहिली काही वर्षं रात्री त्याच्या बाजूचं पांघरूण चाचपायची. मग मुलं झाली, धंदा वाढला, भीती विसरली. आणि आज, सगळं हसण्यावारी निघालं त्याच दुपारी, ते आलं. तो आपल्यासाठी थांबला असं तिला वाटायचं, ते खरं होतं का, की त्याला फक्त परत जायची लाज वाटत होती, हा प्रश्न एका क्षणात तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने गुड्रुनकडे बघितलं. गुड्रुनने मान हलवली नाही, पण टेबलाखालून तिचा पाय तीराच्या पायाला लागला आणि तिथेच राहिला.

आस्गर खुंट्यांपाशी गेला होता. त्याने आपला कोट हातावर घेतला, आणि उरलेल्या कोटांतून चाचपत, जरा वैतागून म्हणाला, "तीरा, तुझा कुठला घेऊ? पलीकडे वारा असतो."

"निळा," ती म्हणाली. ती खुर्ची मागे सारून उठली. "आणि हेरिंग तिकडेच खाऊ. तिथे साखर कमी घालतात."